मागच्या सीटवरची साक्ष

सिग्नल लाल होता. मी हे त्या दिवशी सांगितलं आणि आजही सांगते. पुढे कुठेतरी मी रंग बदलेन अशी आशा धरून कुणी वाचणार असेल, तर त्याने ती आत्ताच सोडून द्यावी.

रविवार होता. नाशिकरोडला माझ्या मावसबहिणीने जेवायला बोलावलं होतं. नवरा स्कूटर चालवत होता, मी मागे, मांडीवर गुलाबजामचा डबा. सिंहस्थाच्या कामांसाठी निम्मं शहर उकरून ठेवलेलं, त्यामुळे नेहमीचा रस्ता सोडून आम्ही लांबच्या रस्त्याने चाललो होतो. एका चौकाजवळ आलो. मी त्याच्या उजव्या खांद्यावरून पुढे बघत होते. पिवळा गेला, लाल लागला, आणि आमची स्कूटर थांबली नाही. डावीकडून चार-पाच बायका रस्ता ओलांडत होत्या. त्यातली शेवटची मागे राहिली होती, हातात कापडी पिशवी. त्याने ब्रेक दाबला, स्कूटर घसरली, हँडल तिला लागलं आणि ती पडली. आम्हीही पडलो. डबा उघडला. रस्त्यावर पाक सांडलेला आणि त्यात ती बाई मनगट धरून बसलेली. ओरडतसुद्धा नव्हती.

यानंतर नवऱ्याने जे केलं ते आधी सांगते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच वाईट बोलणार आहे. स्वतःचा गुडघा सोलला होता तरी त्याने तिला उठवलं, रिक्षा थांबवली, तिला आधार देऊन बसवलं आणि जवळच्या हॉस्पिटलात नेलं. लोक जमायला लागले होते, आवाज चढायला लागले होते. दुसरा कुणी असता तर पसार झाला असता. तो पसार होणाऱ्यातला नाही. अंबडच्या एका कारखान्यात तो सेफ्टीचं काम बघतो. हेल्मेट घाला, गॉगल घाला, मशीन बंद केल्याशिवाय आत हात घालू नका, हेच सांगत त्याचा जन्म गेला. रस्त्यावर कुत्रं नसलं तरी हा माणूस लाल सिग्नलला पाय टेकवून उभा राहतो. मुलगी लहान असताना त्याला हसायची. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला कधी सिग्नल तोडताना पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी पाहिलं.

बाईचं मनगट मोडलं होतं, कंबरेला मुका मार होता. हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं, तशी पद्धतच असते. तिचा जावई धावतपळत आला. थोड्या वेळाने एक हवालदार आला, दमलेला, पण बोलायला बरा.

"कसं झालं?" त्याने विचारलं.

"सिग्नल हिरवा होता साहेब," नवरा म्हणाला. "मावशी मागे राहिल्या होत्या, दिसल्याच नाहीत. मी ब्रेक मारला, पण गाडी घसरली."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही मागे बसला होता ना? हिरवा होता?"

"लाल होता," मी म्हणाले.

मी विचार केला नव्हता. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. काचेवर जे दिसतं ते सांगायचं, पेशंट कोणाचा कोण आहे ते बघायचं नाही, ही सवय हाताला आणि जिभेला लागलेली आहे. हवालदाराने विचारलं, मी सांगितलं.

नवरा वळून माझ्याकडे बघायला लागला. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

हवालदार हसला. "आधी घरी ठरवून या, मग सांगा," म्हणाला. पण जावई हसला नाही. तोपर्यंत तो "राहू द्या साहेब, त्यांनी आणलं तरी इथपर्यंत" असं म्हणत होता. आता तो ताठ उभा राहिला. "म्हणजे चूक यांचीच आहे. यांची बायकोच सांगतेय," म्हणाला, आणि त्याने रीतसर तक्रार दिली. माझाही जबाब लिहून घेतला. मी सही केली.

आम्ही रिक्षाने घरी आलो. दार लावल्यावर तो बोलला.

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"बाजूची नाही, मागची. मागे बसून जे दिसलं ते सांगितलं."

"हिरवा होता."

"लाल होता. मी थांब म्हणालेसुद्धा."

"नाही म्हणालीस."

"म्हणाले. तुझ्या डोक्यात हेल्मेट होतं, ऐकू कसं येणार?"

"डोक्यावर," तो म्हणाला. "डोक्यात नाही."

भांडतानासुद्धा माझं मराठी दुरुस्त करणारा माणूस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू खोटं बोलतोयस," मी म्हणाले. "नोकरीत नाव खराब होईल म्हणून तू धडधडीत खोटं बोलतोयस. खोटारडा आहेस तू."

चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते, दोघंच असलो की अरे-तुरे. त्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि मला भान राहिलं नाही. त्यांनी आधी ते 'तू' ऐकलं असणार, मग बाकीचं.

"म्हणायचं नव्हतं का, माझं लक्ष नव्हतं?" त्या मला म्हणाल्या. "मागं बसलेल्या बाईला काय दिसतंय? एवढं एक वाक्य बोलली असतीस तर तिथंच मिटलं असतं. नवऱ्याला पोलिसात अडकवून आली."

सासूबाई दर रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून विहारात जातात. त्या दिवशीही जाऊन आल्या होत्या. साडी अजून अंगावर होती. पंचशील घेतलं होतं, आणि त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, माझ्या वडिलांसारखीच माणसं मिळाली. माझ्या वडिलांनी चौथ्या शीलापायी माझ्या मामाशी आयुष्यभराचं वैर घेतलं होतं.

"आई," मी विचारलं, "सकाळी चौथं शील कोणतं घेतलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना थोबाडीत मारली होती. "मला शील शिकवती? तू?" एवढंच बोलून आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःची भाकरी स्वतः थापायला सुरुवात केली. माझ्या हातचं खायचं बंद.

संध्याकाळी मुलीचा पुण्याहून फोन आला. तिला पप्पांनी आधीच सगळं सांगितलेलं. ती शिकलेली आहे, शांतपणे बोलते, आणि तिच्या शांत बोलण्याने माझं डोकं आणखी फिरतं.

"आई, असं असू शकतं ना की तुझं सत्य वेगळं आहे आणि पप्पांचं वेगळं?"

"सिग्नलला तीन दिवे असतात. त्यातला एक लागलेला असतो."

"मी म्हणत नाही की तू चूक आहेस. पण प्रत्येकाचं आपलं एक सत्य असतं."

"हो का? उद्या लॅबमध्ये येणाऱ्यांना मी असंच विचारते. काका, तुमच्या मते तुमची साखर किती आहे? तीच लिहून देते."

ती म्हणाली, "तू ओरडतेयस, आई." मी ओरडत होते, खरंच. पण घरात ज्याचं कुणी ऐकत नाही त्याने ओरडायचं नाही तर काय करायचं?

पुढचे दिवस असे गेले की ते आठवले तरी हाताच्या मुठी वळतात. नवरा चौकातल्या कॅमेऱ्याची चौकशी करून आला. कॅमेरा होता, पण त्याचं तोंड दुसऱ्या रस्त्याकडे. मी लॅबमध्ये मैत्रिणीला सगळं सांगितलं. "मी थांब थांब म्हणून ओरडले, तरी याने गाडी दामटली," असं सांगितलं. ती चुकचुकली, तेव्हा बरं वाटलं. कारखान्यात ही गोष्ट पोचलीच. दर सोमवारी कामावर येणाऱ्या सगळ्या कामगारांसमोर नवरा पाच मिनिटं सेफ्टीवर बोलायचा. साहेबांनी सांगितलं, प्रकरण मिटेपर्यंत जरा थांबा. घरी येऊन त्याने हे मला सांगितलं नाही, आईला सांगितलं, मला ऐकू जाईल अशा आवाजात. मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटल्याचा पुन्हा राग आला, कारण चूक त्याची होती आणि जीव माझा टांगणीला लागला होता.

मग सिन्नरहून मोठे दीर आले. सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, सगळ्या नातेवाइकांचे कागद आणि भांडणं तेच निस्तरतात. सोफ्यावर बसले, चहा घेतला, आणि मला समोर बसायला सांगितलं. नवरा खिडकीशी उभा होता.

"हे बघ बाई, पुरवणी जबाब देता येतो. मी विचारून आलोय. जास्त काही नाही, एवढंच सांगायचं की मी गोंधळले होते, नीट आठवत नाही."

"मला नीट आठवतंय, दादा."

"माणसाची नजर चुकते. मीच खरी, असा ताठा बरा नाही. जरा नम्रता असावी माणसाला."

नम्रता! हा शब्द आमच्याकडे केरसुणीसारखा आहे. घर सगळ्यांचं, पण ती कुणाच्या हातात द्यायची ते आधीच ठरलेलं. आजवर या घरात कुणी कधी नवऱ्याला म्हणालं नाही की बाबा रे, जरा नम्र हो, तुझीही नजर चुकली असेल. सासूबाई म्हणाल्या नाहीत, दीर म्हणाले नाहीत. दोन माणसांनी एकच दिवा पाहिला, दोन रंग सांगितले, आणि चुकणारे डोळे तेवढे माझे.

"नजर चुकते, तर यांची का नाही चुकली?" मी विचारलं.

"तो गाडी चालवत होता. त्याचं लक्ष समोर होतं."

"माझंही समोरच होतं."

दिरांनी कप खाली ठेवला आणि माझ्याशी बोलणं बंद करून नवऱ्याकडे वळले. मी खोलीत नसल्यासारखं. "हे बायकांचं वयच असतं असलं. चिडचिड होते, मनात काहीतरी धरून बसतात. तुझ्यावर कसला तरी डूख आहे तिचा. मुद्दाम खोटं बोलतेय ती."

मी उठणार होते. काय बोलले असते, कोण जाणे. त्याआधी नवरा बोलला. इतक्या दिवसांत तो माझ्याशी मीठ-पाण्यापुरतं बोलत होता.

"दादा, ती खोटं बोलत नाही."

"म्हणजे सिग्नल लाल होता?"

"हिरवा होता. तिचं चुकतंय. पण ती खोटं बोलत नाही, आयुष्यात बोललेली नाही. हे माझ्या घरात पुन्हा म्हणायचं नाही."

दीर जेवायला न थांबता निघून गेले. सासूबाई रडल्या. मला खरं तर भरून यायला हवं होतं. आलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकरचं झाकण असं आपटलं की त्याची शिटी उडून पडली. 'तिचं चुकतंय' म्हणे! एका श्वासात माझी अब्रू राखायची आणि त्याच श्वासात मला आंधळी ठरवायची. यापेक्षा तो सरळ खोटारडी म्हणाला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

त्या रागातच मी ठरवलं की साक्षीदार आणायचा. आणि साक्षीदार एकच होती.

बाई मूळची सायखेड्याकडची. मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला आली होती आणि मुलीच्या भाड्याच्या घरी होती. पत्ता मला जबाबाच्या वेळी कळला होता. दुपारी लॅब सुटल्यावर मी मोसंबी घेतली आणि गेले. जावई कामावर होता. बाई पुढच्या खोलीत खाटेवर बसली होती, उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यातल्या पट्टीत अडकवलेला. आतल्या खोलीतून तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं.

मी ओळख सांगितली. ती "बसा" म्हणाली. हात कसा आहे, मी विचारलं. "हाय," ती म्हणाली. मग मी मुद्द्यावर आले.

"मावशी, तुम्ही रस्ता ओलांडत होता तेव्हा आमच्या बाजूचा सिग्नल लाल होता ना?"

"असंल."

"नीट आठवून सांगा. बाकीच्या गाड्या थांबल्या होत्या ना? मी तर केवढ्यांदा ओरडले, थांबा थांबा म्हणून. तुम्हाला ऐकू आलं असेल."

"नाय ऐकू आलं." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "काल तुमचे मालक आले व्हते. त्यांनी विचारलं, हिरवा व्हता ना मावशी? त्यांनाबी म्हणलं, असंल."

"ते आले होते? इथे?"

"आले व्हते ना. संत्री घेऊन. तुम्ही मोसंबी आणली." तिने डाव्या हाताने पिशवी बाजूला सारली. "मला काय माहीत लाल का हिरवा? बाया चालल्या, मी त्यांच्यामागं चालले. आमच्या गावात सिग्नल हाय का?" तिचा आवाज चढत गेला. "लेकीचं पहिलं बाळंतपण हाय. मी इथं कशाला आले? नातीला तेल लावायला, न्हाऊ घालायला. हा हात घेऊन घालू का न्हाऊ? तिकडं लेक टाक्याच्या अंगानं पोरीला न्हाऊ घालती अन् मी इथं बसून ऐकते. तुम्ही दोघंबी साक्षीला आले. हात कसा हाय म्हणून कुणी नाय आलं."

"मी विचारलं ना मावशी, आल्या आल्या."

"विचारलं. दारात चप्पल काढताना विचारतेत तसं."

मी लाजले असेन असं कुणाला वाटेल. मी चिडले. मनात म्हटलं, बाई, तुझ्यापायी माझ्या घराला आग लागलीय. सासू माझ्या हातची भाकरी खात नाही, नवरा नीट बोलत नाही, दिराने मला वेडी ठरवलं, आणि तू मला चपलेचं सांगतेस? आणि मी ते बोललेच, थोडं गाळून.

"मावशी, तुमच्यासाठी मी माझ्या नवऱ्याच्या विरोधात बोलले."

"मी सांगितलं व्हतं का बोला म्हणून?" ती म्हणाली.

मी उठले. दारात तिची मुलगी आली, ओचा खोचलेला, हात ओले, चेहरा सुजलेला. तिने मला पाणी विचारलं. मी नको म्हणाले आणि खाली उतरले.

परतीची बस मी दोनदा सोडली. स्टॉपवर नुसती उभी होते. बाईचा राग येत होता, नवऱ्याचा येत होता, आणि मध्येच त्या दोन शब्दांवर मन अडकत होतं. नाय ऐकू आलं. तिला ऐकू आलं नव्हतं. नवऱ्यालाही आलं नव्हतं.

लॅबमध्ये एखाद्या निकालाची शंका आली की आम्ही सॅम्पल पुन्हा लावतो. त्यात कमीपणा नसतो. मी तो सगळा प्रसंग पुन्हा लावून पाहिला. लाल दिवा मला स्वच्छ दिसत होता, त्याच्या खालची वाकडी पाटीसुद्धा दिसत होती. पण 'थांब' म्हणणारा माझा आवाज? तो कुठेच येईना. हवालदाराला मी फक्त 'लाल होता' एवढंच सांगितलं होतं. 'थांब' पहिल्यांदा आलं ते घरी भांडताना. लॅबमधल्या मैत्रिणीला सांगताना त्याचं ओरडणं झालं. आणि मावशीसमोर मी केवढ्यांदा ओरडले होते! दर वेळी सांगताना मी एक पायरी वर चढत गेले होते आणि मला पत्ता नव्हता. कदाचित मी ते मनात म्हणाले असेन. कदाचित नंतर, त्याच्याशी भांडताना, म्हणायला हवं होतं असं वाटून मी ते मागे नेऊन ठेवलं असेल. मी खोटं बोलले नव्हते. मला ते खरंच वाटत होतं.

आणि मग जे लक्षात आलं त्याने माझा जास्तच संताप झाला. म्हणजे त्यालाही हिरवा खरंच दिसला असेल. जन्मभर ज्याने लाल दिसताच पाय टेकवले, त्याची गाडी पुढे गेली म्हणजे दिवा हिरवाच असणार, असं त्याच्या डोळ्यांनी स्वतःलाच सांगितलं असेल. त्याचं चुकलं होतं, पण तो खोटं बोलत नव्हता. हे एवढं साधं वाक्य तो माझ्याबद्दल आपल्या मोठ्या भावासमोर बोलून गेला होता. मी मात्र त्याला रोज उठून खोटारडा म्हणत होते. चांगुलपणात तो माझ्यापुढे गेला होता, आणि चूक असून पुढे गेला होता, याचा राग कुणावर काढायचा?

घरी आले. तो टीव्ही बंद करून नुसता बसला होता.

"मी मावशींकडे गेले होते," मी म्हणाले. "मोसंबी घेऊन."

त्याने मान वर केली. "मी संत्री नेली होती."

"माहीत आहे. तुला काय म्हणाली?"

"असंल."

"मलाही."

आम्ही हसलो नाही. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर हसलो असतो. मी समोर बसले आणि बोलायला लागले. "मी थांब म्हणाले असं सांगत होते ना, ते मला आता नक्की सांगता येत नाही. म्हणाले नसेन."

त्याने विचारलं, "आणि सिग्नल?"

"लाल होता."

"हिरवा होता."

"पण तू खोटं बोलत नाहीस. हे मी बोलायला हवं होतं. तुला खोटारडा म्हणाले ते चुकलं."

मला वाटलं होतं तो विरघळेल. तो उसळला. "एवढे दिवस लागले? दादाला मी घराबाहेर काढला तुझ्यापायी, आणि तुला एवढे दिवस लागले?" तो उठून येरझाऱ्या घालायला लागला. "तुला काय वाटतं, मी विचार नसेल केला? कामावर जाता-येता तोच विचार असतो. आपण तोडला असेल का सिग्नल? ती असं उगाच बोलणार नाही. पण डोळे मिटले की हिरवाच येतो समोर. मी काय करू? तू म्हणतेस म्हणून लाल बघू?"

"नको," मी म्हणाले. "मी म्हणते म्हणून नको बघूस."

त्या रात्री आमचं भांडण मिटलं नाही, पण ते दुसऱ्याच गोष्टीवर गेलं. मावशींना मदत कशी करायची, यावर. तो म्हणत होता, जावयाशी बोलू. मी म्हणत होते, जावयाशी कशाला, त्या मुलीशी बोलू, तिला काय हवंय ते तिला विचारू. शेवटी माझ्या म्हणण्याप्रमाणे झालं. माझ्या लॅबजवळ राहणारी एक बाई बाळ-बाळंतिणीची मालिश करायला जाते. जावई आधी नको म्हणाला, उपकार नकोत म्हणाला, पण मुलीने त्याला गप्प केलं. प्लॅस्टर निघेपर्यंत ती बाई रोज सकाळी जात होती. मी अधूनमधून जायची, फळं न घेता. मावशींनी आमचे आभार मानले नाहीत. "तुमची बाई पोरीचे पाय नीट ओढत नाय," अशी तक्रार मात्र दर वेळी केली. मी ऐकून घ्यायची. खाटेवर बसून दुसरीच्या हातात आपली नात बघायची म्हणजे काय, ते त्यांनाच माहीत.

तक्रार पुढे लोकअदालतीत तडजोडीने मिटली. दोन्हीकडच्या सह्या झाल्या. सिग्नलचा रंग तिथे कुणी विचारलासुद्धा नाही. एवढं रामायण ज्याच्यावरून झालं, तो रंग कुणालाच नको होता! बाहेर आल्यावर मला रडू आलं, ते रागाचं होतं. पुरवणी जबाब मी दिला नाही, तोही त्यासाठी कधी बोलला नाही. कारखान्यात त्याचं सोमवारचं बोलणं सुरू झालं. पूर्वीसारखं जमत नाही, मध्येच थांबायला होतं, असं तोच एकदा म्हणाला.

आता घरात वाद होतात तेव्हा आम्ही दोघं 'माझ्या मते' म्हणायला शिकलोय. मला ते फार जड जातं. दर वेळी वाटतं, ही नम्रता आहे की शेवटी मीही वाकले? उत्तर रोज वेगळं येतं. पण तोही म्हणतो, तोही तेवढंच वाकतो, म्हणून मी म्हणते.

मध्यंतरी सिन्नरला दिरांच्या मुलाचा साखरपुडा होता. पंगतीत दीर कुणाला तरी आमच्या अपघाताची गोष्ट सांगत होते. "सिग्नल हिरवाच होता हो. हिनेच घोळ घातला होता. नंतर तिला कळलं आपलं चुकलं." लोक माझ्याकडे बघून मायेने हसले, शहाणी झाली एकदाची, असं.

नवरा शेजारी बसला होता. तो म्हणाला, "दादा, तिला काही कळलेलं नाही. मलाही नाही."

दिरांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि हसत माझ्याकडे पाहिलं. मी 'माझ्या मते' म्हणू शकले असते. पण ते मी नवऱ्यासाठी ठेवलेलं आहे. मला खोटारडी म्हणणाऱ्याला त्यातलं काही मिळणार नाही.

"लाल होता, दादा," मी म्हणाले. पुरेशा मोठ्याने.

सासूबाईंनी वाढप्याच्या हातातून भाताचं भांडं घेतलं आणि मला न विचारता माझ्या ताटात भाताचा डोंगर केला. "जेव आता," त्या म्हणाल्या.